ह्यूगो पुरस्कार

विज्ञानकथा व अद्‌भुतरम्य कथा ह्या क्षेत्रांतील उत्कृष्ट निर्मितीस वाचकांच्या मतदानाने दिला जाणारा वार्षिक आंतरराष्ट्रीय पुरस्कार. अमेझिंग स्टोरीज हे विज्ञानकथांना वाहिलेले मासिक १९२६ मध्ये सुरू करणारे संपादक ह्यूगो गर्न्सबॅक (१८८४–१९६७) ह्यांचे नाव त्यास मिळाले. फिलाडेल्फिया येथील अकराव्या जागतिक विज्ञानकथा संमेलनात, १९५३ मध्ये, तो प्रथम दिला गेला. त्या वेळी कादंबरीसाठीचा मान ॲल्फ्रेड बेस्टरच्या द डिमॉलिश्ड मॅन ह्या कृतीस लाभला. १९५४ चा अपवाद वगळता तो प्रतिवर्षी दिला जातो. कादंबरी, दीर्घकथा, लघुकथा ह्यांबरोबरच संपादन, चित्रकला, नाट्याविष्कार इत्यादींसाठीही स्वतंत्र विभाग आहेत.

ह्या पुरस्कारास परीक्षक मंडळ नाही. संमेलनाचे वर्गणीदार सभासद प्रथम कृती सुचवितात आणि अंतिम यादीतील कृतींना पसंतिक्रमाने मते देतात. १९६६ पासून दिल्या जाणाऱ्या नेब्यूला पुरस्काराचे मतदार स्वतः लेखकच असतात. ह्यूगोचा मतदार मात्र वाचक असतो. मराठीत ह्याच्या अगदी उलट प्रथा दिसते. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ च्या विज्ञानकथा स्पर्धेत जयंत नारळीकर ह्यांनी टोपणनावाने कथा पाठविली व ती पारितोषिकास पात्र ठरली. तेथे लेखकाची कीर्ती परीक्षकांपासून झाकता आली. ह्यूगोच्या मतदारापुढे मात्र लेखकाचे नाव, त्याची लोकप्रियता व त्याचे वादविवाद उघडेच असतात. ‘वाचकांचा कौल’ हे बिरुदही थोडे जपूनच वापरावयास हवे. लक्षावधी वाचकांच्या ह्या साहित्यप्रकारात मतदान करणारे काही हजारच असतात आणि कृती सुचविणारे त्याहूनही कमी. एवढ्या लहान मतदारसंघात संघटित गटाचे बळ सहज वाढते.

हा धोका २०१५ मध्ये प्रकट झाला. पुरस्कार साहित्यगुणांपेक्षा सामाजिक मतांना मिळतात, अशी तक्रार करणाऱ्या दोन गटांनी आपापल्या याद्या प्रसृत केल्या. त्या वर्षी सूचनापत्रे २,१२२ होती. इतर वाचकांच्या सूचना शेकडो कृतींत विखुरल्या गेल्या आणि एकवटलेल्या थोड्या मतांनी कित्येक विभाग व्यापले. त्यास उत्तर मिळाले ते मतपत्रिकेवरील ‘पुरस्कार नाही’ ह्या पर्यायाने. ५,९५० मतदारांनी भाग घेतलेल्या अंतिम फेरीत पाच विभागांत हाच पर्याय विजयी ठरला. संस्था वाचली, असे पुष्कळांनी म्हटले आणि ते खोटे नाही. परंतु लघुकथेचा पुरस्कार कोरा राहणे, तसेच ज्यांचे काम इतर वर्षी निःपक्षपातीपणे जोखले गेले असते असे संपादकही यादीबरोबर नाकारले जाणे, हा समीक्षेचा निर्णय नव्हता. तो मतदानपद्धतीच्या रक्षणाचा निर्णय होता. त्याच वर्षीची कादंबरीची निवड मात्र संस्मरणीय ठरली. याद्यांच्या आधारे नामांकन मिळालेल्या एका लेखकाने आपले नाव मागे घेतले. त्या रिकाम्या जागी लिऊ त्सशिन ह्या चिनी लेखकाच्या कादंबरीचा केन लिऊकृत इंग्रजी अनुवाद, द थ्री-बॉडी प्रॉब्लेम, आला व विजयी झाला. अनुवादित कादंबरीस हा सन्मान प्रथमच लाभला.

पुढे नियम बदलले. २०१७ पासून प्रत्येक विभागात मतदाराचा एकच गुण त्याने सुचविलेल्या कृतींत विभागला जातो; मतदार पाच कृती सुचवितो व अंतिम यादी सहांची असते. एकसारख्या याद्यांनी सर्व जागा बळकावणे त्यामुळे कठीण झाले. एन. के. जेमिसिन ह्या कृष्णवर्णीय अमेरिकन लेखिकेने २०१६ ते २०१८ अशी सलग तीन वर्षे कादंबरीचा पुरस्कार मिळविला. यादीकारांच्या तक्रारीस मतदारांनी दिलेले हे उत्तर पुरेसे बोलके आहे.

मतदारांपासून संरक्षण करणारे हे नियम व्यवस्थापकांपुढे मात्र निरुपयोगी ठरले. २०२३ मध्ये चीनमधील छंग्‌तू येथे संमेलन भरले. त्याची आकडेवारी जानेवारी २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा नेब्यूला पुरस्कारप्राप्त बेबल ही आर. एफ. क्वांगची कादंबरी पुरेशा सूचना मिळूनही ‘अपात्र’ ठरविली गेल्याचे उघड झाले. कारण दिले गेले नव्हते. पुढील महिन्यात बाहेर आलेल्या पत्रव्यवहारावरून, व्यवस्थापकांपैकी काहींनी लेखकांच्या राजकीय मतांविषयी टिपणे जमविली होती, असे दिसले. येथे ‘पुरस्कार नाही’ हा पर्याय कामी येण्यासारखा नव्हता. जी कृती मतपत्रिकेवर पोहोचलीच नाही, तिच्याविषयी मतदार काय बोलणार? हा आघात २०१५ च्या वादाहून गंभीर म्हटला पाहिजे. तेव्हा मते निदान मोजली तरी गेली होती.

२०२४ च्या ग्लासगो संमेलनाच्या व्यवस्थापकांनी एका स्पर्धकास मिळालेल्या ३७७ मतपत्रिका बनावट ठरवून वगळल्या. एकूण मतपत्रिका ३,८१३ होत्या. स्पर्धकाचे नाव त्यांनी गुप्त राखले. वगळण्याची कारणे मात्र निकालापूर्वीच प्रसिद्ध केली.