दोन हातांची वायरिंग

जुन्या मोटारीत बदल केला की तिच्या वायरिंगचे कर्ते दोन होतात. पहिला कारखान्यातला. त्याने नकाशा काढून, रंग ठरवून तारा ओढलेल्या असतात. दुसरा पुढे कधीतरी गॅरेजमध्ये बसून त्यात भर घालणारा, आणि त्याच्या कामाचा नकाशा बहुधा कुठेच नसतो. अशी गाडी चार्जिंगची तक्रार घेऊन आली की चांगला ऑटो इलेक्ट्रिशियन हे दोन्ही हात वेगवेगळे ओळखतो आणि जिथे ते एकमेकांना भेटतात तिथे थांबतो. उल्हासनगरच्या एका गॅरेजमध्ये पाहिलेल्या अशाच एका कामाचे हे रसग्रहण.

गाडी प्रीमियर पद्मिनी, बदलापूरहून आलेली. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट ११०० तयार होई. तीच गाडी १९७४ पासून पद्मिनी या नावाने विकली जाऊ लागली. १०८९ सीसीचे इंजिन, स्टिअरिंगजवळचा गिअर आणि वीज निर्माण करायला डायनॅमो. मुंबईतली शेवटची नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. खासगी पद्मिनी मात्र हौसेने सांभाळलेल्या अजून दिसतात, आणि त्यातल्या कित्येकींत डायनॅमोच्या जागी मारुती ८०० सारख्या नंतरच्या गाडीचा अल्टरनेटर बसलेला असतो.

हा बदल हौसेपेक्षा गरजेतून झालेला आहे. डायनॅमो इंजिन स्लो असताना जवळजवळ काहीच चार्ज करत नाही. त्याचे व्होल्टेज बॅटरीपेक्षा वर गेले की कटआऊटचे पॉइंट चिकटतात आणि मग करंट बॅटरीकडे जाऊ लागतो. मोकळ्या रस्त्यासाठी ही व्यवस्था पुरेशी होती. आता जुलैच्या पावसात, संध्याकाळी, कल्याण-बदलापूर रस्त्यावर गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये सरकत असते. हेडलाइटचे ५५ वॉटचे दोन बल्ब मिळून नऊ-दहा अँपिअर खातात, वायपर वेगळा, हॉर्न वेगळा. तेवढ्या वेगात डायनॅमो खर्चाला पुरत नाही. अल्टरनेटर पुरतो, कारण स्लोवरही तो बऱ्यापैकी करंट देतो.

म्हणूनच या पद्मिनीची तक्रार चक्रावणारी होती. ४५ अँपिअरचा अल्टरनेटर, नवी बॅटरी, तरीही पावसाळ्यात चार-पाच दिवसांनी सेल्फ मारला की नुसता कट्‌कट् आवाज. मालकांनी आधी बॅटरी बदलली, मग अल्टरनेटरही. दोन्ही खर्च वाया गेले. इलेक्ट्रिशियनने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाला, “काका, आता मीटरने दाखवल्याशिवाय काहीच बदलायचं नाही.”

दोषाच्या या वाचनाचे पहिले सौंदर्य त्याच्या क्रमात आहे. सुरुवात बॅटरीपासून. गाडी रात्रभर उभी होती, मीटरने १२.२ व्होल्ट दाखवले. भरलेली बॅटरी १२.६ च्या आसपास असते, म्हणजे ही अर्धीच भरलेली. मग हायड्रोमीटरने सहाही सेलचे पाणी तपासले. सगळे सारखे. एखादा सेल मेलेला असता तर तो एकटा खाली दिसला असता. पुढे गाडी बंद ठेवून मायनसच्या वाटेत मीटर घातला, रात्री चोरून करंट जातो का ते पाहायला. ५० मिलिअँपिअरच्या आत. निष्कर्ष सरळ निघाला: बॅटरी चांगली आहे, गळती नाही, तिला पुरेसे मिळत नाही एवढेच. आता पट्टा. मधोमध दाबून त्याचा ताण पाहिला, दोन्ही पुली एका रेषेत आहेत का पाहिले. तिथेही दोष नव्हता.

मग चावी फिरवली, आणि इथे मला सर्वांत आवडलेली जागा येते. डॅशवरचा लाल दिवा लागला. इंजिन सुरू झाले तरी तो तसाच राहिला. थोडी रेस दिल्यावर विझला. मालक म्हणाले, “हे नेहमीचंच आहे, पहिल्यापासून असंच होतं.” ते खरे बोलत होते. डायनॅमोच्या काळात स्लोवर लाल दिवा राहणे आणि रेस दिल्यावर विझणे हीच निरोगी गाडीची खूण होती. अल्टरनेटरच्या गाडीत मात्र ती तक्रार आहे. लक्षण तेच राहिले, यंत्र बदलले, आणि अर्थ उलटा झाला. जुन्या सवयीने पाहणाऱ्याला हे दिसणे अवघड. इलेक्ट्रिशियनने ते एका नजरेत टिपले.

कारण असे. अल्टरनेटरच्या रोटरला आधी थोडे चुंबकत्व द्यावे लागते. हा सुरुवातीचा करंट इग्निशनमधून निघून त्या लाल दिव्यातूनच अल्टरनेटरच्या फील्डमध्ये जातो. म्हणजे दिवा केवळ बातमी देत नाही, अल्टरनेटरला जागे करण्याचे काम करतो. अल्टरनेटर चार्ज करू लागला की दिव्याच्या दोन्ही टोकांचे व्होल्टेज सारखे होते आणि तो विझतो. इलेक्ट्रिशियनने डॅशवरच्या मीटरचा गोल मागून सोडवला, होल्डर फिरवून बाहेर काढला. आत बारीक एलईडी होता. कुणीतरी डॅश उजळ दिसावा म्हणून बसवलेला. एलईडीतून काही मिलिअँपिअर जातात; दोन-तीन वॉटच्या साध्या बल्बमधून त्याच्या कितीतरी पट. त्यामुळे हा अल्टरनेटर उशिरा जागा होत होता, आणि ट्रॅफिकमध्ये इंजिन बंद करून पुन्हा चालू केले की दर वेळी नव्याने. साधा बल्ब लावला. चावीवर दिवा लागला, इंजिन सुरू होताच विझला.

तो इथे थांबला नाही, ही त्याची दुसरी मोठी खूण. सापडलेला दोष खरा होता, पण एवढ्या तक्रारीला पुरेसा नव्हता. गाडी चालत राहिली की एलईडीवरही अल्टरनेटर जागा होतोच. म्हणून त्याने हेडलाइट आणि वायपर चालू करवले, इंजिन जरा वर धरायला सांगितले आणि अल्टरनेटरवरच मोजले: १४.२ व्होल्ट. बॅटरीवर: १३.२. निघालेला एक व्होल्ट वाटेत हरवत होता. त्याने वाटेचे दोन भाग केले. अल्टरनेटरच्या जाड बोल्टपासून बॅटरीच्या प्लसपर्यंत ०.६. अल्टरनेटरच्या बॉडीपासून बॅटरीच्या मायनसपर्यंत ०.४. बेरीज जुळली.

या मोजणीतली खुबी नीट पाहावी. ३० अँपिअर वाहत असताना ०.६ व्होल्ट हरवायला ०.०२ ओहमचा अडथळा पुरतो. गाडी बंद ठेवून साध्या मीटरने तो अडथळा शोधू गेलात तर मीटर शून्यच दाखवेल आणि वायर निर्दोष ठरेल. ओझे असतानाच वायर खरे बोलते. आता दोन्ही हात दिसू लागले. प्लसची वायर कारखान्याची, डायनॅमोच्या मानाने बेतलेली, टोकाचा लग हिरवट पडलेला. आणि अल्टरनेटरचा ब्रॅकेट नंतरचा, सुबक पावडर कोटिंग केलेला. त्या सुंदर रंगामुळेच अर्थिंग नीट मिळत नव्हते. दोघांचेही काम आपापल्या जागी चांगले होते. बिघाड त्यांच्या सांध्यात होता. म्हणून दोन बॅटऱ्या आणि दोन अल्टरनेटर होऊनही तो तसाच राहिला.

उपाय साधा. अल्टरनेटरपासून बॅटरीपर्यंत नवी जाड वायर, बॅटरीजवळ फ्यूज. बोल्टखालचा रंग खरवडून अल्टरनेटरच्या बॉडीपासून वेगळी अर्थिंगची पट्टी. पुन्हा तेच ओझे, पुन्हा मीटर: बॅटरीवर १४.०. शेवटी मीटर एसीवर टाकून बॅटरीवर पाहिले. डायोड गेला असता तर तिथे अर्ध्या व्होल्टच्या वर आकडा आला असता. आला नाही.

त्याने जे केले नाही तेही मोलाचे. चालू इंजिनावर बॅटरीचे टर्मिनल काढून “गाडी बंद पडते का पाहू” ही डायनॅमोच्या जमान्यातली चाचणी आजही काही गॅरेजांत चालते. अल्टरनेटरवर तिने व्होल्टेजची उसळी येते आणि रेग्युलेटर, डायोड जळू शकतात. त्याने टर्मिनलला हात लावला तो इंजिन बंद करूनच.

या कामाबद्दल एक प्रश्न रसिकांत असतोच: मूळ डायनॅमो काढणे योग्य का? पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२१ साली आलेल्या व्हिंटेज नोंदणीच्या नियमांत गाडी मूळ रूपात असण्याची, चासी, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार नसण्याची अट आहे. प्रदर्शनासाठी जपलेल्या गाडीत डायनॅमोच शोभतो. पावसाळ्यात बदलापूरहून कल्याणला जाणाऱ्या गाडीत अल्टरनेटर समर्थनीय आहे, मात्र काढलेला डायनॅमो, त्याचा ब्रॅकेट आणि कटआऊटचा डबा जपून ठेवावा.

उल्हासनगर १९४९ साली, कल्याणच्या लष्करी कॅम्पच्या जागेवर, फाळणीत सर्वस्व गमावून आलेल्या लोकांनी उभे केलेले गाव. वस्तू टाकून न देता चालती करणे हे इथल्या बाजाराचे जुने कसब आहे. पण चालती करणे आणि नेमका दोष वाचून चालती करणे यांत अंतर आहे. या कामाला मी पैकीच्या पैकी देतो ते दुसऱ्यासाठी.

ज्यांच्या दारात अशी बदललेली जुनी गाडी आहे त्यांना एक विनंती. कोणती वायर कुठून कुठे नवी ओढली, कोणती जुनी तोडली, कुठे फ्यूज घातला, याचा साधा नकाशा काढून घ्या, खाली तारीख घाला आणि आरसी बुकाबरोबर ठेवा. पुढच्या इलेक्ट्रिशियनला त्याचा उपयोग होईल, आणि तुमची एक बॅटरी वाचेल.