हिंदी सैन्याचें पदक : साधन म्हणून त्याची किंमत

खडकी, कोरेगांव, महिदपूर हीं नांवें धारण करणारीं रुप्याचीं पदकें संग्राहकांच्या हातीं अधूनमधून येतात. रणांगणावरील मर्दुमकीबद्दल तीं त्याच वेळीं छातीवर लावलीं गेलीं, असा पाहणाऱ्याचा ग्रह होतो. आणि कोणत्या पलटणीचे किती लोक लढले याचा हिशेब पदकांच्या संख्येवरून मांडण्याचा मोह पडतो. हा हिशेब आम्हांस सर्वस्वीं अग्राह्य वाटतो.

‘हिंदी सैन्याचें पदक’ मंजूर झालें तें इ. स. १८५१ मध्यें, म्हणजे आसईनंतर ४७ व खडकीनंतर ३३ वर्षांनीं. तोंवर जे हयात राहिले त्यांनीं अर्ज करावा व पदक घ्यावें, अशी योजना होती. शौर्यापेक्षां दीर्घायुष्याचीच साक्ष हें पदक अधिक देतें. कोरेगांवच्या तुकडीचा नायक कॅप्टन स्टाँटन इ. स. १८२५ मध्येंच वारला. ज्या लढाईनें त्याचें नांव झालें, तिचें पदक त्याच्या अंगावर कधींच चढलें नाहीं. खेड्यांत पेन्शन खात बसलेल्या वृद्ध शिपायास तर ही वार्ता कळणेंच दुर्घट.

पदकावरील सनहि फसवा आहे. त्यावर १७९९–१८२६ असे आंकडे आहेत, परंतु त्याच्या २१ पट्ट्यांपैकीं सर्वांत जुनी अलीगडची, १८०३ ची. १७९९ च्या श्रीरंगपट्टणच्या विजयाचें पदक कंपनीनें निराळें पाडलें होतें. तें हुद्द्याप्रमाणें सोन्यापासून कथिलापर्यंत उतरत जाई, आणि साध्या शिपायाच्या वांट्यास कथील येई! १८५१ चें पदक मात्र सर्वांस रुप्याचें.

फिकट निळ्या फितीवर, पदकाच्या वर, लढाईच्या नांवाची पट्टी बसवीत. पुण्याच्या मोहिमेच्या पट्ट्या तीन आहेत : ‘खडकी’, ‘पुणें’ व ‘खडकी आणि पुणें’. ५ नोव्हेंबर १८१७ ची लढाई होऊन गेल्यावर जनरल स्मिथची फौज येऊन पोंचली. म्हणून केवळ ‘पुणें’ पट्टीचा धनी खडकीस होता असें मानणें चूक होय.

यांत बनावटीची भर पडते. दुर्मिळ पट्टी दुसऱ्या पदकावर चढविणें कठीण नाहीं. नांव पदकाच्या कांठावर असतें. तें घासून दुसरें कोरल्यास व्यास किंचित् कमी भरतो, म्हणून कांठ मोजल्यावांचून पदक घेऊं नये. पलटणीच्या यादींत नांव सांपडेपर्यंत तें साधन नव्हे, केवळ रुपें होय.

समोरच्या बाजूस अशीं पदकें नव्हतीं. पेशवाईंत शिपायास कडीं, शिरपाव, इनाम मिळे, आणि लढाईंत पडलेल्याच्या मुलांमाणसांस बालपरवेशी. ब्रिटिश पदकानें मृतास कांहींच दिलें नाहीं. बालपरवेशीच्या कागदांत तर मृताचेंच नांव मुख्य. असे कागद ज्यांच्या घरीं असतील त्यांनीं त्यांच्या नकला आमच्याकडे पाठवाव्या. मूळ कागद वाळवीपासून जपावे.