पर्जन्यछायेतली 'बनगरवाडी'

'तुंबाड' (२०१८) सिनेमा पाहिलेल्यांना त्यातला पाऊस आठवत असेल. तो थांबतच नाही. सिनेमात हा पाऊस म्हणजे देवांचा कोप आहे. भयपटासाठी कल्पना झकास. पण कोकणातल्या माणसाला त्यात भीतीआधी घर दिसतं: आठवडाभर न पडलेलं ऊन, भिंतीला चढलेली ओल, चुलीच्या उबेवर वाळवलेले कपडे.

आता दुसरं टोक घ्या. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (१९५५). औंध संस्थानातली धनगरांची वाडी, तिथे आलेला कोवळा मास्तर, शाळा, तालीम आणि शेवटी दुष्काळ. कॉलेजात या शेवटावर प्रश्न आला, तेव्हा मी 'निसर्गाची अवकृपा' असं उत्तर लिहून मार्क मिळवले होते. आज ते उत्तर मला खोटं वाटतं. कोप आणि अवकृपा हे दोन्ही शब्द डोंगर लपवतात.

अरबी समुद्रावरून आलेले ओले वारे सह्याद्रीला धडकतात, वर चढतात, थंड होतात आणि तिथेच रिकामे होतात. म्हणून महाबळेश्वरात वर्षाला ५,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. डोंगर ओलांडून पूर्वेला उतरताना तेच वारे तापतात, कोरडे होतात. सरळ रेषेत १०० किलोमीटरच्या आत दहिवडी येते. तिथे पाऊस जेमतेम ५०० मिलिमीटरच्या आसपास, तोही भरवशाचा नाही. हाच माणदेश, माडगूळकरांचा मुलूख. तिथे दुष्काळ हा अपघात नाही, पत्ता आहे.

हे डोक्यात ठेवून 'बनगरवाडी' पुन्हा वाचली आणि वेगळीच कादंबरी हाती लागली. एरवी आपण तिच्या साधेपणाचं, अस्सल माणसांचं कौतुक करून थांबतो. पण ही माणसं मेंढरं का पाळतात? कारण बेभरवशाच्या पावसात पीक जागेवर उभं राहून मरतं, मेंढरू चालू शकतं. मास्तरला पोरं शाळेत बसवताना नाकी नऊ येतात, तेही त्यामुळेच. पोरांचं खरं काम रानात असतं. चाऱ्यामागे चालणाऱ्यांच्या वाडीत मास्तर न चालणाऱ्या दोन गोष्टी उभ्या करतो: शाळा आणि तालीम. शेवटी दुष्काळ पडतो तेव्हा माणसं मेंढरं घेऊन निघतात. ते मोडतात, पण जगण्याची ही वाट त्यांना ठाऊक असते. मागे राहते ती तालमीची इमारत. मला वाटतं, शेवटाचं खरं दुःख तिथे आहे.

यावर एक आक्षेप रास्त आहे. कारभाऱ्याचा ताठा, आयबूची माया, हे काही वाऱ्याच्या दिशेवरून कळत नाही. मान्य. शिवाय माडगूळकर डोंगराचं नावही कारण म्हणून घेत नाहीत. पण तो कादंबरीचा दोष नाही. पर्जन्यछायेत राहणाऱ्याला डोंगर दिसत नाही, फक्त न आलेला पाऊस दिसतो. मास्तरची नजर तिथवरच पोचते, हे प्रामाणिकच आहे. चूक आपल्या वाचनाची. श्री. ना. पेंडसे यांचं 'तुंबाडचे खोत' (१९८७) आपण 'कोकणचं' म्हणून एका खणात ठेवतो, 'बनगरवाडी' 'ग्रामीण' म्हणून दुसऱ्या. पेंडशांची जगबुडी सह्याद्रीवरून उतरते, थोडंच अंतर धावून खाडीला मिळते आणि खेडमध्ये पूर आणते. तिच्या पुरात आणि माणदेशाच्या कोरड्या ओढ्यात एकाच डोंगराचा हिशेब आहे. एका बाजूला जास्त पडलं ते दुसऱ्या बाजूला पोचलंच नाही.

आजही पावसाळ्यात आपल्या फोनवर घाटातले धबधबे ओसंडून वाहतात. त्याच आठवड्यात घाटापलीकडच्या एखाद्या वाडीत पाण्याचा टँकर येत असतो. त्याचं रील कुणी करत नाही. साहित्यातही आपण असेच एका वेळी एकच बाजू बघतो.

धनगरांना मात्र हे जमत नाही. त्यांचे कितीतरी कळप दिवाळीनंतर घाट उतरून कोकणात जातात. भात कापलेल्या शेतात मेंढरं बसवतात, शेताला खत मिळतं, त्यांना धान्य मिळतं. पाऊस यायच्या आत पुन्हा घाट चढून परततात, कारण कोकणच्या ओलीत मेंढरं टिकत नाहीत. पेंडशांचा आणि माडगूळकरांचा मुलूख ते दरवर्षी पायी जोडतात. त्या वाटेवरची कादंबरी मी अजून वाचलेली नाही.