हेल न पुसलेली गाणी

साठच्या दशकातली गाणी त्याच थाटात पुन्हा करणारे कलाकार जर्मनीत पैशाला पासरी मिळतात. कुठल्याही गावच्या उन्हाळी उत्सवात जा, अरुंद काळे टाय लावून बीटल्सची हुबेहूब नक्कल करणारा एखादा बँड असतोच. तेव्हा ‘साठच्या दशकाच्या धाटणीचा पॉप’ असं म्हटलं की मी सहसा काढता पाय घेतो. एका आल्बमचा मात्र अपवाद. बर्लिनच्या ‘स्टेरिओ टोटाल’ या बँडचा 1995 साली निघालेला पहिला आल्बम ‘ओ आ’. आपल्या मंडळात तो फारसा कुणी ऐकलेला दिसत नाही, म्हणून हा प्रपंच.

हा बँड 1993 मध्ये सुरू झाला. सुरुवातीला आणखी साथीदार होते, पण मुख्य माणसं दोनच: फ्रांस्वाझ काक्टुस आणि ब्रेझेल ग्योरिंग. दोन्ही नावं अर्थातच घेतलेली. (मिठाच्या पावाला नाझी पुढाऱ्याचं आडनाव जोडणं हा खास जर्मन विनोद; आपल्याला त्यावर हसावं की नाही हे पटकन कळत नाही.) फ्रांस्वाझ 1964 साली फ्रान्समध्ये बुर्गोन्य प्रांतात जन्मली आणि भिंत पडण्याआधीच्या पश्चिम बर्लिनमध्ये येऊन राहिली. ड्रम वाजवता वाजवता गाणारी ही बाई. ब्रेझेलच्या हाती गिटार आणि जुने, स्वस्तातले की-बोर्ड. मोठी कंपनी पाठीशी नाही, झगमगीत स्टुडिओ नाही.

यातली गाणी समजायला थोडा इतिहास लागतो. इंग्रजी गाण्यांतल्या ‘येऽ येऽ’ या आरोळीवरून फ्रान्समधल्या त्या काळच्या तरुण पॉपला ‘येये’ हे नाव पडलं. फ्रांस्वाझ आर्दी, सिल्व्ही वार्तान, फ्रान्स गाल या त्यातल्या नायिका. त्यांतल्या कित्येकींनी जर्मनमध्येही रेकॉर्डी केल्या. फ्रान्स गालनं तर 1968 मध्ये ‘डेर कॉम्प्युटर नुमर द्राय’ नावाचं गाणं जर्मनमध्ये म्हटलं. मुलीसाठी योग्य मुलगा संगणक शोधून देतो, असा त्याचा विषय! आमच्या धंद्याची एवढी लाडिक जाहिरात नंतर कुणी केली नसेल. फ्रेंच मुलगी अडखळत जर्मन बोलते याचं इथल्या श्रोत्याला कौतुक होतं. तिचा हेल म्हणजे मालावरचं आकर्षक वेष्टण होतं.

‘ओ आ’मध्ये फ्रांस्वाझ नेमकी हीच गोष्ट हातात घेते आणि उलटी करते. तिचं जर्मन फ्रेंच हेलाचंच आहे, पण त्यात लाडिकपणाचा लवलेश नाही. ती अडखळत नाही, माफी मागत नाही, गोडही होत नाही. भाषा आपल्या मालकीची असल्यासारखी वापरते आणि उच्चार जसे येतात तसे ठेवते. ब्रिजित बार्दोचं 1964 मधलं ‘म्वा झ जू’ ती म्हणते तेव्हा मूळ गाण्यातली मादकता गळून पडते आणि खाली राहतो तो पोरकट, निर्लज्ज आनंद. ‘डॅक्टिलो रॉक’ हे टायपिस्ट मुलीवरचं गाणं मूळचं ‘ले शोसेत न्वार’ या पुरुषांच्या बँडचं. ते बाईच्या तोंडी आलं की ऑफिसातल्या टेबलाची बाजूच बदलते. आणि मग मध्येच 1975 सालचं अमेरिकन डिस्को ‘गेट डाउन टुनाइट’! साठच्या दशकाचं संग्रहालय उभारायचं असतं तर या गाण्याला दारातूनच परत पाठवलं असतं.

ध्वनीबद्दल दोन शब्द. माझी डॉक्टरेट यंत्रांच्या कंपनांवरची. मोजमापातला गोंगाट काढून टाकणं हेच कित्येक वर्षं माझं काम होतं. हल्ली गोंगाट घालणारी सॉफ्टवेअरं मिळतात. स्वच्छ ध्वनिमुद्रण करायचं आणि वरून रेकॉर्डची खरखर, टेपची सळसळ शिंपडायची. आजचा बराचसा ‘रेट्रो’ माल असा तयार होतो आणि कानाला ते कळतं, कारण खरखर गाण्यापासून सुटी ऐकू येते. ‘ओ आ’मधला कच्चेपणा वरून शिंपडलेला वाटत नाही. ठेका एका माणसाच्या हातातून येतो आणि त्याच माणसाला गायचंही असतं, म्हणून तो साधा राहतो. साधेपणाला कारण आहे. साठच्या दशकातही चारच ट्रॅक हाती असले तर वाद्यं कमी ठेवावी लागत. या जोडीनं त्या काळाचा आवाज उचलण्यापेक्षा त्याची अडचण उचलली, असं मला वाटतं.

आता आपल्याकडे वळतो. हा सगळा मामला आपल्याला परका नाही. 1965 च्या ‘गुमनाम’मधलं ‘जान पहचान हो’ किंवा 1966 च्या ‘तीसरी मंज़िल’मधली राहुलदेव बर्मन यांची गाणी म्हणजे आपलं येयेच की. गोव्याहून आलेल्या वादकांच्या हातांनी मुंबईत घडलेलं, परदेशी ठेक्याचं, बिनधास्त उचलेगिरी करणारं संगीत. पण ही गाणी आपल्या कार्यक्रमांत कशी होतात? तयार ट्रॅक लावून, मूळच्या प्रत्येक हरकतीसकट. एखादी जागा चुकली तर तिसऱ्या रांगेतले काका मान हलवतात. उचलेगिरीतून जन्मलेल्या गाण्याला आपण सोवळं नेसवलं आहे.

यावर एका मित्राचा आक्षेप असा की येये मुळातच उथळ होतं, त्याची मोडतोड केली तरी बिघडत नाही. श्रीनिवास खळ्यांच्या चालीशी असे खेळ करून बघ. आक्षेप बरोबर आहे. खळ्यांची चाल खेळण्यातल्या की-बोर्डवर मरेल आणि तसं करण्यात पराक्रमही नाही. माझं म्हणणं एवढंच की आपण सगळीच गाणी एका देव्हाऱ्यात बसवली आहेत, आणि त्याची किंमत मुलं देतात. माझी मुलगी इथेच जन्मली. तिच्या मराठीत ‘ळ’ नाही, ‘ट’ आणि ‘त’ एकाच ठिकाणाहून निघतात. गेल्या गणपतीत ती स्टेजवर गायली तेव्हा लोक प्रेमानंच हसले. ‘किती गोड!’ म्हणाले. फ्रान्स गालला जर्मन लोक हेच म्हणत असणार. यंदा ती गायला तयार नाही.

फ्रांस्वाझ तिला आवडेल की नाही ठाऊक नाही. तेरा वर्षांच्या मुलीला बापाचं काय आवडतं? पण हेल न पुसता, आणि हेल विकायलाही न काढता गाता येतं, हे मला या आल्बममध्ये जितकं स्पष्ट ऐकू आलं तितकं दुसरीकडे आलेलं नाही.

आल्बम निर्दोष नाही. सलग ऐकला तर उत्तरार्धात थट्टा पातळ होते. दुसऱ्यांच्या गाण्यांचा भरणा जास्त आहे. काही ठिकाणी गाणं निवडण्यातच गंमत संपते, पुढे वाजवण्यात काही घडत नाही. स्वतः रचलेल्या गाण्यांचा जोर पुढच्या आल्बमांत वाढला. 2001 च्या ‘म्युझिक ओटोमातिक’मध्ये कारागिरी जास्त आहे, आणि तटस्थपणे गुण द्यायचे तर मी त्यालाच जास्त देईन. ‘ओ आ’मधली बेफिकिरी मात्र पुन्हा तितकी सहज आली नाही.

ही जोडी 2019 पर्यंत आल्बम काढत राहिली. फेब्रुवारी 2021 मध्ये फ्रांस्वाझ बर्लिनमध्ये कर्करोगानं गेली; वय अवघं छप्पन्न. जर्मन वृत्तपत्रांनी तिच्यावर मोठे लेख लिहिले, आणि त्यांत तिला बर्लिनचीच म्हटलं.

ऐकायचं असेल तर आधी बार्दोचं ‘म्वा झ जू’ ऐका, मग लगेच हिचं. दोन्ही मिळून पाच मिनिटंही लागत नाहीत. घरात मुलं असतील तर दार उघडं ठेवा.