पाया आधी की कळस?

यंत्र-शिक्षणामागचे गणित एकदा नीट शिकावे, म्हणून आमच्या विद्यापीठात आम्ही काही जणांनी चर्चासत्र सुरू केले. आठवड्यातून एक दुपार, दीड तास. कोणी भौतिकीचे, कोणी संख्याशास्त्राचे, शिवाय कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवणारे दोघे शिक्षक. वाचायला घेतले ते डायझेनरोथ, फैसल आणि ऑंग या तिघांचे 'मॅथेमॅटिक्स फॉर मशीन लर्निंग'. केंब्रिज युनिव्हर्सिटी प्रेसने ते २०२० साली प्रसिद्ध केले. लेखकांनी त्याची संगणकावर वाचण्याजोगी प्रत विनामूल्य ठेवली असल्याने पुस्तक मिळवण्याची अडचण नव्हती. अडचण पुढे आली.

पुस्तकाच्या पहिल्या भागात निव्वळ गणित आहे : रैखिक बीजगणित, भूमिती, मॅट्रिक्सचे विघटन, सदिश कलन, संभाव्यता वगैरे. दुसऱ्या भागात ते गणित कामाला लावले आहे. पुस्तक पायापासून वर वाचा किंवा गरजेपासून खाली उतरत वाचा, असे लेखक आरंभीच सांगतात. आम्ही पडलो शिस्तीचे, पायापासून निघालो. एकसामयिक समीकरणे होती तोवर सारे खूश होते. मग गट आले, सदिश अवकाश आले, व्याख्येमागून व्याख्या. 'हे कशासाठी?' याचे उत्तर दोनशेहून अधिक पाने पलीकडे. चौदा जणांचे आम्ही सहा उरलो. शिक्षकांपैकी एक जण म्हणाले, "सर, व्याख्या कळतात. पण हे मशीन शिकतं कुठे?" प्रश्न रास्त होता, आणि आमच्यापाशी उत्तर नव्हते.

तेव्हा आम्ही मुकाट्याने उडी मारून नववे प्रकरण उघडले. विषय रिग्रेशनचा, म्हणजे मोजमापांतून रेषा बसवण्याचा. मोजमापांतल्या चुका प्रसामान्य वितरणाप्रमाणे पसरतात असे मानले, तर सर्वांत संभवनीय रेषा तीच, जिच्यापासूनच्या चुकांच्या वर्गांची बेरीज किमान असते. इथवर ठीक. त्यापुढे एक छोटा भाग येतो आणि सांगतो, की हे उत्तर म्हणजे एक लंब प्रक्षेप आहे. आमच्या मते पुस्तकातली ही सर्वांत सुंदर जागा.

शाळेतलीच स्प्रिंग घ्या. तिला सारखी १, २ आणि ३ वजने लावली. ताण ३, ५ आणि ५ सें.मी. आला. (मुले आणतात तसलीच मोजमापे!) ताण वजनाच्या प्रमाणात असतो, तर दर वजनाला किती? आता या तीन मोजमापांना तीन आलेखबिंदू न मानता त्रिमितीतला एकच बिंदू (३, ५, ५) माना. नियम काटेकोर पाळणारी सारी उत्तरे (१, २, ३) या दिशेच्या, आरंभबिंदूतून जाणाऱ्या रेषेवर असतात. आपला बिंदू त्या रेषेबाहेर आहे. रेषेवरचा त्याला सर्वांत जवळचा बिंदू कोणता? लंबपादाचा, हे आपण वर्षानुवर्षे शिकवतो. तो बिंदू (२, ४, ६), म्हणजे दर वजनाला २ सें.मी. चुका १, १ आणि −१. पडताळा : १×१ + २×१ + ३×(−१) = ०, म्हणून लंब. वर्गांची बेरीज ३. दोनाऐवजी २.१ घेतले तर ती ३.१४ होते, १.९ घेतले तरी तितकीच.

फळ्यावर हे झाले तेव्हा ते शिक्षक उठून पुढे आले आणि पडताळा स्वतः पुन्हा करून पाहिला. पुढच्या आठवड्यात ते आणखी दोघांना घेऊन आले.

आमची तक्रार इथेच आहे. प्रक्षेपाचे आकडे घालून सोडवलेले उदाहरण पुस्तकात आहे, पण ते तिसऱ्या प्रकरणात. नवव्यात केवळ अक्षरे. दोन्ही पाने शेजारी ठेवल्याशिवाय गंमत कळत नाही, आणि एकट्याने वाचणारा ती ठेवणार कधी? दुसऱ्या भागाला स्वाध्याय नाहीत, हीही मोठी उणीव. जिथे हात चालवायचा तिथेच वाचक प्रेक्षक होतो. चेताजालांना स्वतंत्र प्रकरण नाही. त्यांच्यामागचे विकलन मात्र पाचव्या प्रकरणात चांगले समजावले आहे, आणि आम्हाला तेवढे पुरे वाटते.

उलट बाजूही सांगायला हवी. दहा बिंदूंतून नवव्या कोटीची बहुपदी अचूक जाते, आणि तरीही नव्या बिंदूंबाबत ती सपशेल फसते, हे आलेखांतून इतक्या स्वच्छपणे मांडले आहे, की पाठांतर करणाऱ्या विद्यार्थ्याची आठवण व्हावी. यंत्राच्या 'शिकण्या'बद्दलचे पुष्कळ भाबडे बोलणे त्या दोन पानांनी थांबेल.

ज्यांना पदवीचे बीजगणित आठवत नाही, त्यांनी पहिल्या पानापासून हे पुस्तक वाचू नये. नवव्या प्रकरणाशी बसावे, अडेल तिथे तिसऱ्यात आणि पाचव्यात उतरावे, परत यावे. वेळ दुप्पट लागतो. आम्ही दहाव्याशी आलो आहोत. पण त्यासाठी चौथे वाचावे लागणार असे दिसते, आणि ते आम्ही पहिल्या फेरीत धावत संपवले होते.