‘स्मृतिचित्रें’ : एक दुर्लक्षित अंग

लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रें’ या आत्मचरित्राची स्तुति व्हावयाची राहिली आहे असें कोणी म्हणणार नाहीं. १९३४ पासून तें भागशः प्रसिद्ध होऊं लागलें, आणि रसिकांनीं त्याचा गौरवच केला. परंतु या स्तुतिकारांचे दोन तट आहेत, व दोघांनीं मिळून पुस्तकाची फाळणी केली आहे, अशी आमची तक्रार आहे. एका तटाला पुस्तक विनोदी, घरगुती, साध्या बोलीचें म्हणून आवडतें. त्यांतील ख्रिस्ती धर्म त्याच्या लेखीं केवळ योगायोग. दुसरा तट उपदेशकांचा. तो धर्मांतराची साक्ष तेवढी उचलतो आणि चुलीजवळचीं पानें उलटून टाकतो.

आमच्या मतें लक्ष्मीबाईंचा देव चुलीजवळच आहे.

१० फेब्रुवारी १८९५ रोजीं नारायण वामन टिळकांनीं मुंबईस बाप्तिस्मा घेतला. पत्नी दुरावली. पुढें ती पतीकडे आली खरी, पण स्वयंपाक निराळा आणि पिण्याचें पाणीहि निराळें. ज्या घरीं बाहेरची वस्तु धुतल्यावांचून चालत नसे, त्या घरची ही लेक! टिळकांसारखा कवि व वक्ता समोर असतांहि बाईंचें मन वादविवादानें वळलें नाहीं. जात देवानें केली कीं माणसानें, एवढा एकच प्रश्न त्यांनीं आपल्याशीं घोळविला, आणि उत्तर सांपडतांच कोणाच्याहि हातचें अन्नपाणी घ्यावयाचें ठरविलें. बाप्तिस्मा झाला १९०० सालीं. खरें वळण मात्र घरांतली घागर एक झाली तेव्हांचें. आणि या प्रसंगाचा बाई कांहीं सोहळा करीत नाहींत.

इंग्रजींत या जातीचीं आत्मनिवेदनें पुष्कळ. बन्यनच्या १६६६ सालच्या ‘ग्रेस अबाउंडिंग’च्या पूर्ण नांवांतच तो स्वतःस पापी जनांचा अग्रणी म्हणवितो. ग्रंथ थोर आहे, यांत शंका नाहीं. पण अग्रणी हीदेखील एक पदवीच नव्हे काय? स्वतःच्या पापांची मोजदाद करणाऱ्याची नजर स्वतःवरच खिळून राहण्याचा संभव असतो. लक्ष्मीबाई पापांची मोजदाद करीत बसत नाहींत. त्या स्वतःला हंसतात. आपलें अज्ञान, आपला राग, आपली फजिती सांगून मोकळ्या होतात आणि लगेच दुसऱ्या माणसाकडे वळतात. मग त्यांना दुष्काळांतलीं पोरकीं मुलें दिसतात, प्लेगचे रोगी दिसतात. त्यांची शुश्रूषा आणि घरचा बाजारहाट, दोहोंचें वर्णन एकाच भाषेंत, आवाज न चढवितां. नम्रता म्हणतात ती आम्हांला येथें भेटते. भक्तिपर विशेषणांच्या राशींत ती क्वचितच भेटते.

एक गोष्ट मात्र खटकते. टिळकांच्या शीघ्रकोपाचें बाई जें वर्णन करितात, तें वाचतांना आम्हांला नेहमींच हंसूं येत नाहीं. तेथें त्यांची क्षमा वाचकाच्या क्षमेपुढें धांवते.

१९१९ सालीं टिळक वारले तेव्हां त्यांचें ‘ख्रिस्तायन’ अपुरें होतें. रीतसर शालेय शिक्षण न मिळालेल्या या बाईंनीं तें हातीं घेऊन पुढें नेलें. त्या काव्यांत आम्हांला ‘स्मृतिचित्रें’इतकी गोडी वाटली नाहीं; पण त्याचा विचार पुन्हा केव्हां तरी.