स्थळाची संहिता : डीनच्या अरण्यातील शिल्पवाट

इंग्लंडमधील ग्लॉस्टरशायर काउंटीतील डीनचे अरण्य नॉर्मन काळापासून राजांचे मृगयाक्षेत्र होते. पुढे त्याने नौदलाच्या जहाजांना ओकचे लाकूड पुरविले. त्याच्या भूगर्भात कोळसा व लोहखनिज होते आणि तेथे खाण खणण्याचा स्थानिकांचा परंपरागत हक्क १८३८ च्या कायद्याने निश्चित झाला. या भूमीत १९८६ मध्ये ब्रिस्टलचे आर्नॉल्फिनी कलादालन व ब्रिटनचे वनखाते यांच्या सहकार्यातून एक शिल्पवाट आकाराला आली. तेथील शिल्पे त्या जागांसाठीच घडविलेली असल्याने एक प्रश्न अटळ ठरतो : शिल्प स्थळाचा इतिहास केवळ सांगते की त्यात सहभागी होते?

केविन आथर्टन यांच्या 'कॅथीड्रल'मध्ये रंगीत काचेची खिडकी वृक्षांच्या मधोमध उंचावर टांगलेली होती. अरण्य म्हणजे देवालय हे रूपक युरोपीय परंपरेत रुळलेलेच, काचेवरही वनदृश्यच. कृती मोहक आहे, परंतु तिचा अर्थ अभिधेपाशीच थबकतो. केर स्मिथ यांची 'आयर्न रोड' मात्र बंद पडलेल्या लोहमार्गावरच वसली आहे. अरण्यातील जीवनाच्या व उद्योगांच्या प्रतिमा कोरलेले २० स्लीपर पाहणाऱ्याला चालत चालत, क्रमानेच वाचावे लागतात. येथे मार्ग हीच कथनाची रचना होते.

डेव्हिड नॅश यांच्या 'ब्लॅक डोम'मध्ये जाळून काळे केलेले लार्चचे खुंट जमिनीत घुमटाकार रोवले होते. त्यात लोणारी कोठेही चित्रित नाही. त्याची क्रिया लाकडाने स्वतः सोसली आहे. इतिहास येथे व्यंजनेने प्रकटतो. कृतीने हळूहळू मातीत मिसळून जावे, हेही कलावंताला अभिप्रेत होते.

या विचाराची कसोटी मॅग्डालेना येतेलोवा यांच्या 'प्लेस' या शिल्पाने पाहिली. कॅनॉप खोऱ्याकडे पाहणारी ही ओकची महाकाय खुर्ची स्थानिकांना 'राक्षसाची खुर्ची' म्हणून परिचित होती. लाकूड कुजल्यामुळे २०१५ मध्ये ती उतरविण्यात आली आणि तिच्या लाकडाचा कोळसा पाडण्यात आला. एरवी याला कृतीचा नाश म्हटले गेले असते. येथे मात्र अरण्याच्या जुन्या व्यवसायाने कृतीचा शेवट लिहिला.

एक उणीव मात्र नोंदवावी लागते. या चारही कृतींत वृक्ष, मार्ग आणि दृश्य यांना जितके स्थान आहे, तितके भूगर्भातील श्रमाला नाही. ज्या हक्कामुळे या अरण्यातील जनजीवन वेगळे ठरले, तो पृष्ठभागाखालीच राहतो.

तौलनिक अभ्यासाच्या दृष्टीने 'प्लेस'चे उदाहरण महत्त्वाचे आहे. ती खुर्ची वेळीच एखाद्या संग्रहालयात हलविली असती, तर वस्तू टिकली असती. संहिता मात्र बदलली असती. साहित्यकृतीचा विचार करताना स्थळाला पार्श्वभूमी मानण्याची सवय दृढ आहे. स्थळ हा अर्थाचा घटक असेल, तर स्थलांतर हेही एक प्रकारचे भाषांतरच ठरते, आणि त्यात काय गमावले जाते याचा हिशेब समीक्षेला मांडावाच लागतो.